वाळ्पिरी मुलुखांतील चार वर्षें

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं असलेल्या एका वाळवंटी वस्तींत चार वर्षें काढून आम्ही उभयतां २०१६ सालीं पुण्यास परत आलों, तेव्हां आप्तेष्टांनीं आमचें जें स्वागत केलें त्यानें आम्ही प्रथम संकोचलों व मागाहून खजील झालों. मेलबर्नसारखें शहर, तेथील घर, बाग आणि मित्रमंडळ यांवर पाणी सोडून आम्ही रानांतल्या लोकांच्या सेवेस गेलों, अशी त्यांची समजूत. एका सभेंत तर अध्यक्षांनीं आमच्या ‘त्यागा’चा मोठ्या शब्दांनीं गौरव केला व आम्हांस शाल आणि श्रीफळ अर्पण केलें. ती शाल अद्याप कपाटांत आहे. ती दिसली कीं आम्हांस एका वृद्ध बाईची आठवण होते. त्याग हा शब्द कोणी कोणास लावावा, याविषयीं तिच्यापाशीं आम्हांस जें समजलें तें लिहून ठेवावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. तें आज लिहीत आहों.

प्रथम खरें काय तें सांगून टाकणें बरें. आम्हांपैकीं एक परिचारिका व दुसरा शाळामास्तर. मेलबर्नमध्यें आमचीं नऊ वर्षें गेलीं होतीं. एकीच्या रात्रपाळ्या व दुसऱ्याची दिवसाची शाळा, यामुळें आमची गांठभेट स्वयंपाकघरांतल्या चिठ्ठ्यांतूनच अधिक होई. घराचें कर्ज फिटावयास अजून बराच काळ होता. अशा वेळीं नॉर्दर्न टेरिटरी नांवाच्या प्रांतांतील दूरच्या वस्त्यांत परिचारिका व शिक्षक पाहिजेत, वेतन अधिक, राहण्यास घर मिळेल, अशी जाहिरात वाचनांत आली. आमच्या जाण्यांत त्यागाचा अंश असलाच तर तो भाजींतल्या मिठाएवढा. बाकी सारा थकवा, कुतूहल आणि हिशेब. शिवाय मेलबर्नचें घर आम्हीं विकलें नव्हतें, भाड्यानें दिलें होतें. परतीची वाट मोकळी ठेवूनच आम्ही निघालों. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

ॲलिस स्प्रिंग्ज हें त्या खंडाच्या पोटांतलें एकमेव मोठें गांव. तेथून वायव्येस तनामी वाळवंटाकडे रस्ता जातो. २०१२ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही त्या रस्त्यानें पांच-सहा तास चाललों होतों. तांबडी जमीन, स्पिनिफेक्स नांवाच्या सुईसारख्या गवताचे गोल झुबके, आणि मधून मधून मुल्गा या झाडांचीं बनें. नांवास हंसूं नये. हें झाड आपल्या बाभळीच्याच कुळांतलें. वाटेंत रानउंटांचा एक कळप आडवा गेला. उंट हा त्या खंडांतला प्राणी नव्हे. १८६६ सालीं कराचीच्या बंदरांतून शंभरांवर उंट आणि त्यांचे हांकणारे जहाजानें दक्षिण ऑस्ट्रेलियांत नेण्यांत आले, आणि पुढें मोटारी येईपर्यंत त्या ओसाड मुलुखांतली तारयंत्राची तार, पीठ, साखर, सर्व कांहीं उंटांच्या पाठीवरून गेलें. कराची त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होती. त्या उंटवाल्यांस तेथें सरसकट ‘अफगाण’ म्हणत. परंतु त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीहि होते. मोटारी आल्यावर उंटांस मोकळे सोडून दिलें, त्यांचीच ही प्रजा. तेव्हां आपल्या बाजूचीं माणसें त्या वाळवंटांत आम्हीच प्रथम नेलीं असें मुळींच नव्हे. ते लोक सरकारचें व सावकारांचें सामान घेऊन गेले. आम्हीहि औषधांच्या पेट्या व क्रमिक पुस्तकें, म्हणजे सरकारचें सामानच, घेऊन चाललों होतों.

वाळ्पिरी लोकांच्या मुख्य अशा चार वस्त्या आहेत. आम्ही जेथें राहिलों ती या मुलुखांतलीच एक लहान वस्ती. तिचें नांव आम्ही सांगत नाहीं. कारण जें सांगावयाचें आहे त्यांत एका कुटुंबाचें दुःख आहे, आणि तें चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. दवाखाना, शाळा, एक दुकान, आणि दीड-दोन कोसांच्या घेरांत पसरलेलीं घरें, एवढाच तिचा विस्तार. आम्हांस वाटलें होतें, आमचा वर्ण सांवळा, आमचा देशहि इंग्रजांच्या अंमलाखालीं भरडून निघालेला. तेव्हां हे लोक आम्हांस इतरांहून निराळे मानतील. पहिल्याच दिवशीं एका पोरानें आमच्याकडे बोट करून ‘कार्डिया’ असें सांगून टाकलें. वाळ्पिरी भाषेंत आपल्या माणसास ‘यापा’ म्हणतात. बाहेरून आलेला गोरा मनुष्य तो कार्डिया. आमचा अभिमान दुखावला. पण पोराचें चुकलें नव्हतें. कुंपणाच्या आंतल्या सरकारी घरांत जो राहतो, दवाखान्याची किल्ली ज्याच्या कमरेस असते, आणि जो एक दिवस सामान बांधून निघून जातो, तो कार्डिया. कातडीचा रंग त्यानें कशाला पाहावा?

शाळेच्या पडवींत आजवरच्या मास्तरांच्या छायाचित्रांची एक लांब रांग होती. सर्वांचे चेहरे पहिल्या महिन्यांतले दिसत. तरतरीत, हंसरे, उन्हानें लाल झालेले. कोणी एक वर्ष राहिला होता, कोणी दोन, कोणी एकच सहामाही. त्या रांगेखालीं बसून वस्तींतल्या बायका नव्या माणसास निरखीत, आणि ‘तुम्ही काय शिकविणार?’ असें न विचारतां, ‘किती ङुर्रा राहणार?’ एवढेंच विचारीत.

हा ‘ङुर्रा’ शब्द समजावून सांगितला पाहिजे. आपल्याकडे मूल अक्षरें गिरवूं लागलें कीं क, ख, ग, घ यांच्या मागून ङ येतो. मूल विचारतें, ‘ङ कशाचा?’ आणि पंतोजीस उत्तर सुचत नाहीं; कारण ङ नें आरंभ होणारा शब्द मराठींत नाहीं. वाळ्पिरी भाषेंत मात्र त्याच्यावांचून दिवस उगवत नाहीं. ङापा म्हणजे पाणी. ङाती म्हणजे आई. ङाजु म्हणजे मी. आणि ङुर्रा म्हणजे घर. नव्हे, घर हा फार कोता अर्थ झाला. ङुर्रा म्हणजे मुक्काम, बिऱ्हाड, पक्ष्याचें घरटें, प्राण्याचें बीळ, आणि ज्या जमिनीशीं मनुष्याचें नातें पूर्वजांपासून जडलेलें ती जमीन. दिवस मोजतांनाहि हाच शब्द कामीं येतो. एक ङुर्रा म्हणजे एका रात्रीची वस्ती. आमच्या इंग्रजी बोलणाऱ्या सोबत्यांची जीभ या ङ पाशीं आणि तशीच ळ पाशीं अडखळे. त्या लोकांच्या नांवांतच ळ आहे. इंग्रजी लिपींत तो दाखवावयास दोन अक्षरें जोडावीं लागतात. आमच्या तोंडून ‘वाळ्पिरी’ असें स्वच्छ निघालें तेव्हां पडवींतल्या बायका खदखदां हंसल्या, आणि त्यांतल्या एका वृद्धेनें आम्हांस तो शब्द पुन्हां पुन्हां म्हणावयास लावला. त्या वस्तीस आमच्यांतलें जें प्रथम आवडलें तें आमचें ज्ञान नव्हे, आमचा ळ.

शाळेचीहि एक हकीकत आहे. वाळ्पिरी शाळांत १९७४ पासून मातृभाषा व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकविण्याचा प्रयोग चालू होता. २००८ सालीं प्रांतिक सरकारनें हुकूम काढला कीं, शाळेचे पहिले चार तास इंग्रजींतूनच शिकवावें. पुढें हा हुकूम सैल झाला. पण आम्ही गेलों तेव्हां त्याची छाया शाळेवरून पुरती सरली नव्हती. मास्तरांच्या वर्गांत त्यांस मदतनीस म्हणून एक वाळ्पिरी बाई असे. ती वीस वर्षें त्याच खोलींत शिकवीत होती. मुलांच्या घरचें, मनाचें आणि भाषेचें तिला सर्व ठाऊक. मास्तरांस यांतलें कांहींच नाहीं. तरी वेतन मास्तरांचें अधिक, आणि मदतनीस ती! परकी भाषा डोक्यावर बसली म्हणजे ज्ञानाची प्रतिष्ठा कशी उलटीपालटी होते, हें आम्हीं लहानपणापासून व्याख्यानांत ऐकलें होतें. त्या वेळीं आम्ही खालच्या बाकावर होतों. येथें आम्ही खुर्चीवर बसलेले होतों, हा फरक ध्यानांत यावयास आम्हांस एक वर्ष लागलें.

ती ळ म्हणावयास लावणारी वृद्धा साठीच्या पुढें होती. शाळेंत येऊन ती मुलींस गाणीं व वाळूंत रेखाटावयाच्या गोष्टी शिकवी. आम्हांस येऊन दोन महिने झाले असतील. एके दिवशीं तिनें आमच्यांतील परिचारिकेस शेजारीं बसवून घेतलें आणि सांगितलें, ‘तूं नाकामारा.’ वाळ्पिरी समाज आठ वर्गांत विभागलेला आहे. प्रत्येक वर्गास एक नांव. पुरुषांचें ज नें सुरू होणारें, स्त्रियांचें न नें. आईबापांच्या वर्गावरून मुलाचा वर्ग ठरतो, आणि कोणत्या वर्गानें कोणत्या वर्गाशीं लग्न करावें हेंहि ठरलेलें असतें. वृद्धा स्वतः नापानाङ्का. नापानाङ्काची मुलगी ती नाकामारा. आणि नाकामारानें वरावयाचा तो जापाल्जारी. म्हणजे त्या दोन शब्दांनीं तिनें आमच्यांतल्या एकीस मुलगी केलें आणि दुसऱ्यास जांवई.

मुलीचें ठीक झालें. जांवयाची मात्र पंचाईत झाली. त्या लोकांत जांवयानें सासूकडे पाहूं नये, तिच्याशीं बोलूं नये, तिच्याजवळ बसूं नये, असा कडक दंडक आहे. काल परवांपर्यंत मास्तरांशीं थट्टामस्करी करणारी बाई दुसऱ्या दिवसापासून मास्तर पडवींत येतांच पाठ फिरवून निघून जाऊं लागली. आपल्या हातून कांहीं अपराध घडला, अशी मास्तरांची समजूत. तो अपराध नसून मान आहे, हें मदतनीस बाईनें त्यांस समजाविलें. मग आम्हांस आमची आजी आठवली. तिनें आजोबांचें नांव उखाण्यावांचून कधीं घेतलें नाहीं. सासरे ओटीवर आले कीं ती पदर सांवरून माजघरांत जाई. तिच्या त्या आंत जाण्यांत जेवढा आदर होता, तेवढा आमच्या सर्व ‘थँक्यू’ मिळून होत नसेल. मेलबर्नमध्यें हें आम्ही विसरलों होतों. वाळवंटांत एका परक्या बाईनें पाठ फिरवून तें आम्हांस परत दिलें.

नातें लागतांच सबंध वस्तीशीं नातीं लागलीं. कोणी मामा झाला, कोणी मावशी, कोणी आमच्याहून वयानें मोठा असून भाचा. नात्याबरोबर हक्क आले. पीठ मागण्याचा, मोटार मागण्याचा, अपरात्रीं दार वाजविण्याचा. पहिले कांहीं महिने आम्ही त्रासलों. पण मेलबर्नच्या गल्लींत नऊ वर्षांत एकाहि शेजाऱ्यानें आमच्याकडे वाटीभर साखर मागितली नव्हती, हेंहि त्याच वेळीं आम्हांस आठवलें.

वृद्धेची आई १९२८ सालच्या कत्तलींतून वांचलेली होती. त्या वर्षीं, रानकुत्रीं पकडून पोट भरणाऱ्या एका गोऱ्या इसमाचा खून झाला. तेव्हां घोडेस्वार पोलीस व त्यांचे सोबती यांनीं कित्येक आठवडे त्या मुलुखांत फिरून ज्या ज्या तळावर माणसें आढळलीं तेथें तेथें गोळ्या घातल्या. कोनिस्टन या नांवानें ती कत्तल ओळखली जाते. सरकारी आंकडा ३१. लोक सांगतात तो याहून पुष्कळ मोठा. चौकशी झाली, आणि मारणारांनीं स्वसंरक्षणार्थ मारलें असें ठरलें. आई लहानपणीं ज्या कोरड्या ओढ्याच्या कपारींत लपली होती, ती जागा वृद्धेनें आम्हांस दाखविली. पुढें १९४६ सालीं सरकारनें युएंडुमू येथें शिधावांटपाची वसाहत घातली. फिरस्ते लोक पीठ, साखर आणि चहा यांच्यासाठीं एका जागीं येऊन बसले. तिची पिढी त्या शिध्यावर वाढली.

त्या शिध्याचें देणें पुढें शरीरांतून वसूल झालें. अपुऱ्या वजनानें जन्मलेलीं मुलें, दाटीवाटीच्या घरांत त्वचेस व घशास वारंवार होणारे संसर्ग, मग मधुमेह. या सर्वांचा भार अखेर मूत्रपिंडांवर पडतो. मध्य ऑस्ट्रेलियांतील आदिवासींत मूत्रपिंडाचा विकार जितका आढळतो तितका जगांत फार थोड्या ठिकाणीं आढळत असेल. २०१३ च्या अखेरीस आमच्यांतील परिचारिकेनें वृद्धेचें रक्त तपासणीस पाठविलें, आणि जें भय होतें तेंच निघालें. आठवड्यांतून तीन वेळां, दर खेपेस चार-पांच तास, रक्त यंत्रांतून शुद्ध करून घ्यावयाचें. त्यास डायालिसिस म्हणतात. आमच्या वस्तींत यंत्र नव्हतें. ज्या गांवीं तें होतें तेथें जागा रिकामी नव्हती. उरलें ॲलिस स्प्रिंग्ज.

तिनें जावयास साफ नकार दिला. नाकामारा तीन संध्याकाळ तिच्यापाशीं बसली. नातवंडांची शपथ घातली, औषधाची महती सांगितली, मुलीच्या नात्यानें रडलीहि. तिसऱ्या संध्याकाळीं वृद्धेनें विचारलें, ‘किती ङुर्रा?’

खरें उत्तर परिचारिकेस ठाऊक होतें. तें असें, कीं एकदां यंत्रास जोडलेला मनुष्य जन्मभर यंत्राशीं जोडलेला राहतो; परत येणें नाहीं. आम्हीं सांगितलें, ‘पाहूं. बरें वाटेपर्यंत.’

आम्ही ‘आम्हीं’ असें लिहितों, कारण तो शब्द जरी एकीच्या मुखांतून गेला तरी तो दोघांनीं आदल्या रात्रीं स्वयंपाकघरांत ठरविलेला होता. तिला एकदां गाडींत बसवूं द्या, पुढचें पुढें पाहतां येईल, असा आमचा विचार. त्यांत तिचें हित होतें, यांत आम्हांस शंका नव्हती. परंतु तिचें हित तिला विचारून ठरवावें, हें त्या रात्रीं आमच्या मनास शिवलें नाहीं.

आठ महिने ती ॲलिस स्प्रिंग्जमध्यें राहिली. औषधासाठीं किंवा शाळेच्या कामासाठीं जाणें झालें कीं आम्ही तिला भेटत असूं. रुग्णांच्या वसतिगृहाच्या अंगणांत एक कुंपण होतें; त्याच्याशीं ती वायव्येकडे तोंड करून बसलेली असे. मास्तर कुंपणाच्या पलीकडे, पाठ करून उभे राहत. ती म्हणे, ‘ही जमीन आरेर्न्ट लोकांची. माझी नव्हे. येथें मला कोठें चूल मांडावी तें कळत नाहीं. गाणें म्हणावें तर कोणाचें म्हणूं?’ शहर सोडून तिच्या मुलुखांत गेलों म्हणून ज्यांचा पुढें शाल देऊन सत्कार व्हावयाचा होता, ते आम्ही तिच्यासमोर बसलों होतों. आणि जी आपला मुलूख सोडून शहरांत आली होती, तिला कोणी त्यागी म्हणत नव्हतें. तिला रुग्ण म्हणत. आमच्या प्रवासास परतीची वाट होती. तिची वाट आम्हींच बंद केली होती, आणि ती बंद आहे हेंहि तिला सांगितलें नव्हतें.

एकदां ती म्हणाली, ‘तूं म्हणालीस, बरें वाटेपर्यंत. मला बरें वाटतें. गाडी केव्हां आणतेस?’ या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

त्याच अंगणांत तिला पिंटुपी लोकांची हकीकत समजली. किंटोर हें त्यांचें गांव ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेस पांचशें किलोमीटरांहून दूर आहे. त्यांचेहि वडीलधारे असेच एकामागून एक शहराकडे जात आणि परत येत नसत. तेव्हां किंटोर व किविरकुरा येथील चित्रकारांनीं मोठालीं चित्रें रंगविलीं. २००० सालीं सिडनीच्या कलासंग्रहालयांत त्यांचा लिलाव झाला, आणि दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. त्या पैशांतून त्यांनीं आपली संस्था काढली. हीच पुढें ‘पर्पल हाउस’ या नांवानें प्रसिद्ध झाली. २००४ सालीं किंटोर येथेंच यंत्र चालूं लागलें. वाळवंटांत यंत्र चालणें शक्य नाहीं, असें शहाणे लोक त्यापूर्वीं सांगत होते. एका खेपेस शंभर लिटरांहून अधिक शुद्ध पाणी लागतें, तें आणणार कोठून, असा त्यांचा प्रश्न. तें पाणी विहिरीचेंच गाळून मिळालें. वृद्धेनें आम्हांस विचारलें, ‘पिंटुपींनीं यंत्र घरीं आणलें. तुम्हीं मला यंत्राकडे कां आणलें?’ आम्हीं पाणी, वीज, मनुष्यबळ, मंजुरी अशीं कारणें सांगितलीं. सर्व कारणें खरीं होतीं. पण किंटोरच्या लोकांपुढेंहि तींच होतीं.

नवव्या महिन्यांत एका सोमवारीं ती दवाखान्याच्या गाडींत बसली नाहीं. पुतण्याच्या मोटारींतून ती रात्रीं वस्तींत येऊन पोहोंचली. १९७६ च्या कायद्यानें त्या प्रांतांतल्या कित्येक मुलुखांची मालकी मूळच्या लोकांस परत मिळाली आहे. तिचा मुलूखहि त्यांतच येतो. कायद्यानें आपल्या असलेल्या जमिनीवर ती मरावयास आली होती. कारण तेथें जगण्याची सोय कोणी केली नव्हती. परिचारिकेनें डॉक्टरांस फोन केला. तिचा निर्णय तिचा आहे, तिला वेदना होऊं देऊं नका, एवढेंच ते म्हणाले. नाकामारा इतर मुलींबरोबर तिच्या अंथरुणाशीं बसली. अंथरूण घराबाहेर, मुल्ग्याच्या झाडाखालीं होतें. मास्तर रोज लांकडें आणीत, कांहीं अंतरावर टाकीत, आणि वर न पाहतां परत जात. शेवटपर्यंत सासूजांवयांची मर्यादा दोघांनींहि मोडली नाहीं. त्या लबाडीचा तिनें एकदांहि उच्चार केला नाहीं. केस विंचरून दे, एवढेंच ती नाकामारास रोज सांगे. अकराव्या रात्रीं ती गेली.

त्या लोकांत मृताचें नांव पुढें पुष्कळ दिवस उच्चारीत नाहींत. त्या नांवाचीं दुसरीं माणसें असलीं तर त्यांसहि ‘कुमान्जायी’, म्हणजे ज्याचें नांव घ्यावयाचें नाहीं असा, म्हणून हांक मारतात. विधवा तर महिनोन्महिने बोलतच नाहींत. हाताच्या खुणांनीं सर्व व्यवहार करतात, आणि त्या खुणांची एक पूर्ण भाषा आहे. तिचें घर सोडून घरचीं माणसें दुसरीकडे राहावयास गेलीं. जवळच्या नात्यांतल्या बायकांनीं केस कापले, अंगास पांढरी माती फांसली. नाकामारानेंहि केस कापले. दुसऱ्या दिवशीं दवाखान्यांत बदलीवर आलेल्या डॉक्टरांनीं तिच्या डोक्याकडे पाहून उकाड्याचा त्रास होतो काय, असें विचारलें. ‘आई गेली,’ असें तिनें सांगितलें. या लेखांत त्या वृद्धेचें नांव कां नाहीं, तें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

यानंतर दोन वर्षें आम्ही तेथें होतों, आणि त्या दोन वर्षांत आम्ही पूर्वींपेक्षां कमी बोललों. कोणास कोठें पाठवावयाचें झालें तर परत येणें आहे कीं नाहीं हें प्रथम सांगत असूं. कांहीं जण ऐकून जात, कांहीं जात नसत. जे गेले नाहींत त्यांतले कांहीं मेले. हेंहि लिहिलें पाहिजे. खरें सांगितल्यानें औषध वाढत नाहीं. फक्त मनुष्याची गोष्ट मनुष्याच्या हातीं राहते. अलीकडे, २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत, त्या देशांत सार्वमत झालें. कायदेमंडळानें आदिवासींचें म्हणणें ऐकावें म्हणून त्यांची एक सल्लागार सभा राज्यघटनेनें नेमावी काय, असा प्रश्न होता. शंभरांतील सुमारें साठ मतें ‘नको’ अशीं पडलीं. पुष्कळ भारतीय मित्रांनीं आम्हांस पत्रें लिहून त्या लोकांस नांवें ठेवलीं. आम्ही उत्तर लिहावयास बसलों, आणि आमच्या स्वयंपाकघरांतली ती रात्र आठवून लेखणी थांबली.

२०१६ सालीं पुण्यास आमच्या आई पडल्या व त्यांचें मांडीचें हाड मोडलें. आम्हांस जाणें भाग होतें. हें वस्तींत कसें सांगावें, याची आम्हांस मोठी चिंता. चार वर्षें राहिलों तरी शेवटीं आम्हीहि त्या रांगेंतलेच. पण सांगतांच पडवींतल्या बायका म्हणाल्या, ‘तुझी ङाती बोलावते, मग येथें काय करतेस? जा.’ मेलबर्नच्या मित्रांस हें समजावयास दोन पत्रें लागलीं होतीं. यांस एक वाक्य पुरलें. आमचें छायाचित्र पडवींत लागलें. पुण्यास आईंस रुग्णालयांतून घरीं आणलें तेव्हां त्यांनीं आपल्या खोलीचा उंबरा हातानें चांचपून पाहिला, आणि मग डोळे मिटून घेतले. त्यांस घरीं न्यावें कीं नाहीं, यावर आमच्याशीं कोणी वाद घातला नव्हता.

त्या वृद्धेची नात आतां शाळेंत मुलांस वाळ्पिरी शिकविते. नात्यानें ती आमची मुलगी. नाकामारास ती ङाती म्हणते. महिन्या दोन महिन्यांनीं तिचा फोन येतो. कोण कोठें आहे, कोणास मूल झालें, पाऊस पडला कीं नाहीं, हें सर्व सांगून झालें कीं ती अखेर विचारते, ‘किती ङुर्रा? केव्हां येणार?’ पूर्वीं आम्ही ‘पाहूं’ म्हणत असूं. आतां ‘ठाऊक नाहीं’ असें सांगतों.